हेड कमी पडतंय

झाडाखाली आल्यावर माणसं सावलीत टेकतात. अण्णा फांदी तपासतात. आधी तिला दोन्ही हातांनी लोंबकळून बघतात, मग बुंध्यापाशी जाऊन कीड लागलीय का ते नखानं खरवडतात, दोन पावलं मागं सरून डोळे बारीक करतात आणि निकाल देतात, "वीस किलो आरामात." सह्याद्रीतल्या कितीतरी उंबरांना, जांभळांना आणि हिरड्यांना अण्णांनी असे दाखले देऊन ठेवलेत. एखाद्या किल्ल्याचा विषय निघाला की बाकीचे लोक कडा, दरवाजे, सूर्योदय असं काहीबाही बोलतात. अण्णा मधेच म्हणतात, "पायथ्याच्या देवळामागं एक आंबा आहे. फांदी साडेसात फुटांवर." त्यावर कुणाला काय बोलावं ते सुचत नाही.

अण्णा भोसरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. निवृत्त झाल्यावर आम्ही त्यांना सोसायटीच्या भटक्या मंडळात ओढलं आणि पहिल्याच मुक्कामाला ते कमालीचे अस्वस्थ झाले. मेंटेनन्सच्या माणसाला चालू यंत्र दिसतच नाही, त्याला बंद पडलेलं लागतं. इथं वारा आपणहून सुटला, चूल पेटली, पिठलं-भाकरी झाली, चांदणं पडलं. कशालाच हात लावायची गरज नव्हती. रात्रभर तंबूत कूस बदलून सकाळी अण्णांना अखेर बिघाड सापडला. "इथं आंघोळीची सोय नाही," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला.

दोन दिवस पारोसं राहिल्यानं कुणाचं काही अडत नाही, उलट आमच्यातले निम्मे लोक त्या सवलतीसाठीच येतात, हे त्यांना सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही. परतीच्या वाटेवर गाडीत ते वहीत चौकोन काढत होते आणि चौकोनातून खाली बाण सोडत होते.

शॉवरच का, बादली का नाही, याचं उत्तर त्यांच्या घरात आहे. अण्णा आमच्या इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतात. तिथून गच्चीतली टाकी जेमतेम चार-पाच फूट वर. पाण्याला जोर येतो तो उंचीमुळं. दहा मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरमागं साधारण एक किलो, हा त्याचा ठरलेला हिशोब. तळमजल्यावर शॉवर अंगाला टोचतो, अण्णांकडं तो नुसता ओघळतो. या उंचीला ते 'हेड' म्हणतात आणि जगातल्या बहुतेक अडचणींचं निदान याच शब्दात करतात. नळाला धार नाही, हेड कमी पडतंय. सोसायटीच्या सभेत ठराव अडकला, तिथंही हेडच कमी पडतं. आयुष्यभर ज्यांना घरी नीट शॉवर मिळाला नाही त्यांनी तो डोंगरात उभारायचा चंग बांधावा, हे माझ्या मते अगदी माणसाला धरून आहे. वहिनींना ते पटत नाही. "घरातला दुरुस्त करा की आधी," असं त्या म्हणतात.

अण्णांनी अभ्यासही दांडगा केलाय. १७६७ साली लंडनच्या विल्यम फीथम नावाच्या शेगड्या बनवणाऱ्यानं शॉवरचं पहिलं पेटंट घेतलं, ही माहिती आमच्या मंडळात आता लहान मुलांनाही पाठ आहे. हातपंपानं पाणी वरच्या टाकीत चढवायचं आणि साखळी ओढून अंगावर घ्यायचं, अशी ती रचना. तेच पाणी पुन्हा खाली जमून पुन्हा वर जायचं, म्हणजे माणूस आपल्याच मळानं परत परत न्हायचा. एवढं सांगून झालं की अण्णा थांबतात आणि म्हणतात, "शेगडीवाल्याला जमलं." पुढचं वाक्य ते बोलत नाहीत, पण ऐकू येतं.

त्यांचा पहिला शॉवर एक लिटरच्या पाण्याच्या बाटलीचा होता. झाकणाला तापवलेल्या सुईनं भोकं पाडली, बाटली उलटी धरली, तर दोन थेंब पडून पाणी थांबलं. आत हवा जायला वाट नव्हती. मग बुडाला एक भोक पाडलं. त्यावर अंगठा ठेवला की पाणी बंद, उचलला की चालू. वजन नाही, खर्च नाही, बिघडायला काही नाही. माझ्या मते अण्णांच्या हातून झालेलं ते सर्वोत्तम यंत्र. पण ते पहिल्याच दिवशी चाललं आणि तिथंच अण्णांचं त्यावरून मन उडालं.

त्यानंतर पुण्याची बोहरी आळी आली. अण्णांबरोबर बोहरी आळीत जायचं तर रजा टाकून जावं. अर्धा इंची बॉल व्हॉल्व्ह घ्यायला निघालेला हा माणूस आधी तो कानाशी धरून फिरवतो, आट्यांवरून बोट फिरवतो, मग टँक निप्पल, रिड्यूसर, एल्बो, होज क्लिपा, तीन प्रकारचे वॉशर आणि टेफ्लॉन टेपचं रीळ काउंटरवर मांडून सगळं जोडून बघतो. "कशाला पाहिजे?" हा प्रश्न विचारणारा दुकानदार नवा असतो. जुने विचारत नाहीत, ते चहा मागवतात. बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजाराचा फेरा असतो. तिथून अण्णांनी खाद्यतेलाचा वीस लिटरचा कॅन आणला, राखेनं घासला, उन्हात वाळवला, काळा ऑइलपेंट फासला आणि बुडाला बाथरूममधला शॉवर बसवला. हो, घरचाच. तो तसाही चालत नव्हता.

या कॅनची परीक्षा भंडारदऱ्याला झाली. डिसेंबर होता. प्रवरेवरचं विल्सन धरण, १९२६ साली पुरं झालेलं, त्याच्या जलाशयाच्या काठी आमचे तंबू, समोर कळसूबाईची रांग, आणि पाठीमागं जांभळाच्या फांदीला टांगलेला काळा कॅन. दिवसभर अण्णा त्याला उन्हाबरोबर फिरवत होते. संध्याकाळी त्यांनी आवाज दिला, "चला, पहिला नंबर कुणाचा?"

इथं या विद्येतला एक मूळचाच घोळ उघडा पडला. ऊन दुपारी पाणी तापवतं आणि आपण आंघोळ सकाळी करतो. संध्याकाळी डोक्यावरून पाणी घ्यायचं ते कुणाला तरी पोचवून आल्यावर, अशी आमच्या पिढीची शिकवण. कुणी पुढं होईना. अखेर आमच्यातले गुरुजी उठले. निवृत्त शिक्षक, भिडस्त स्वभाव, शिवाय अण्णांच्या गाडीतून आलेले. ते पंचा नेसून फांदीखाली उभे राहिले. व्हॉल्व्ह उघडला. पाणी शॉवरच्या भोकांतून बाहेर डोकावलं, एकमेकांना धरून एका बाजूनं ओघळलं आणि गुरुजींच्या डाव्या कानावर आलं.

"हेड कमी पडतंय," अण्णा म्हणाले. कॅन वर नेता येईना, तेव्हा नळी वाढवून शॉवर खाली आणायचा, म्हणजे दोन्हींतलं अंतर वाढेल. शास्त्राला धरूनच होतं ते. "गुरुजी, जरा वाका." गुरुजी वाकले. धार थोडी सुधारली. "बसता का?" गुरुजी बसले. अण्णांनी नळी आणखी सोडली. शेवटी गुरुजी मांडी घालून, डोळे मिटून, हात गुडघ्यांवर ठेवून बसलेत आणि त्यांच्या टाळूवर वीतभर उंचीवरून थेंब थेंब पाणी पडतंय, असं ते दृश्य झालं. महादेवाच्या पिंडीवर टांगलेल्या अभिषेकपात्राची इतकी हुबेहूब प्रतिकृती मी दुसरी पाहिली नाही. कुणीतरी 'ॐ नमः शिवाय' सुरू केलं. एकानं बेलाचं झाड जवळपास आहे का विचारलं. गुरुजींनी मात्र डोळे उघडले नाहीत. त्यांचे ओठ निळे पडत चालले होते.

कारण पाणी तापलंच नव्हतं. तो हिशोब अण्णांनी रात्री शेकोटीपाशी आम्हाला ऐकवला. वीस लिटर पाणी वीस अंशांनी तापवायला चारशे किलोकॅलरी लागतात, म्हणजे जवळजवळ अर्धं युनिट वीज. स्वच्छ उन्हाचा जोर भर दुपारी चौरस मीटरमागं हजार वॉटच्या आसपास. पण कॅन अंगानं जाड आणि उन्हाकडं त्याची एकच बाजू. तेवढ्या टीचभर अंगावर ऊन पडून पडून पडणार किती? वहिनी भाकरी भाजत ऐकत होत्या. "अर्ध्या युनिटासाठी एवढं?" त्यांनी विचारलं. "चुलीवर पातेलं ठेवलं असतं तर एव्हाना सगळ्यांच्या झाल्या असत्या." अण्णा म्हणाले, "अगं, मग त्यात शॉवर कुठं राहिला?" माझ्या मते या जातीच्या माणसांचं सगळं तत्त्वज्ञान या एका प्रश्नात आलं. आंघोळ हे निमित्त. आंघोळ झालीच तर त्यांची हरकत नसते.

दुसऱ्या दिवशी कॅन पुन्हा उन्हात गेला आणि रात्री त्यातली थोडीफार ऊब सकाळपर्यंत टिकावी म्हणून तंबूत वहिनींच्या गोधडीत शिरला. गोधडी एकच होती. पहाटे मी उठलो तेव्हा कॅन आत गाढ झोपला होता आणि अण्णा बाहेर कानटोपी घालून राखेत काटकी फिरवत होते.

धारेचा प्रश्न मात्र वहिनींच्या बाल्कनीत सुटला. झाडांना पाणी घालायची झारी. घरच्या शॉवरची बारीक भोकं जोरकस पाण्यासाठी केलेली असतात. झारीच्या तोंडाला भोकं मोठी, आणि ती हातात धरून वापरायची म्हणून हातभर हेडवर चालेल अशीच बनवलेली. अण्णांनी एका रात्री झारीचं मुंडकं उडवून कॅनला बसवलं आणि धार खरोखर सुधारली. वहिनींची तुळस तेव्हापासून तांब्यानं पाणी पिते.

पण तोवर अण्णा कॅनच्या पुढं गेले होते. जाड कॅनपेक्षा लांबट नळ लवकर तापणार, हे कळल्यावर त्यांनी चार इंची पीव्हीसी पाइपचा पाच फुटी तुकडा घेतला, दोन्ही तोंडांना सोल्यूशन लावून टोपणं बसवली, काळा रंग दिला आणि गाडीच्या कॅरिअरवर आवळून बांधला. पाणी मावतं बारा-साडेबारा लिटर. एका टोकाला नळ, दुसऱ्याला टायरचा व्हॉल्व्ह. पायपंपानं थोडी हवा भरली की फांदी नको, झाड नको. अर्धा किलो दाब म्हणजे पाच मीटरचं हेड, म्हणजे घरच्यापेक्षा जास्त. हे वाक्य बोलताना अण्णांचा आवाज भरून आला.

इथं त्यांच्या बाजूनंही एक सांगायला हवं. पीव्हीसी पाइपात हवा ठासून भरणं धोक्याचं आहे. पाण्याच्या दाबानं पाइप फुटला तर गळतो. दाबलेल्या हवेनं फुटला तर त्याच्या ठिकऱ्या उडतात, आणि उन्हानं पाइप मऊ पडतो तो वेगळाच. अण्णांना हे कारखान्यामुळं पक्कं माहीत. पंप मारताना ते डोळ्यांवर चष्मा चढवायचे, काट्यावर नजर ठेवायचे आणि अर्ध्या किलोच्या वर कुणाला एक दट्ट्या मारू द्यायचे नाहीत. गमत्या माणूस वेगळा आणि बेपर्वा माणूस वेगळा. तरी अशा पाइपात हवा भरूच नये, या मताचा मी आहे. तो पंप चालू असताना मी कायम सरपण आणायला गेलेलो असायचो.

टोलनाक्यावर पोलिसानं गाडी बाजूला घ्यायला लावली. डोक्यावर काळी नळकांडी, तिला काटा, व्हॉल्व्ह, नळी. "काका, हे काय आहे?" त्यानं अदबीनं पण दोन हात लांबूनच विचारलं. अण्णांनी शांतपणे सांगितलं, "बाथरूम." पुढची दहा मिनिटं आम्ही सगळे त्या एका शब्दाचा खुलासा करत होतो. पोलिसाला पटलं की नाही कोण जाणे, पण जाताना त्यानं नळ उघडून हात मात्र धुतले.

चंदनापुरी घाटात वळणं सुरू झाली आणि पुढच्या टोपणाचा जोड सुटला. निरभ्र आकाश, रखरखीत ऊन, आणि आमच्या काचेवर पाऊस. अण्णांनी वायपर लावले. मागच्या गाडीनं लावले. त्याच्या मागच्यानं खिडकीतून हात बाहेर काढून आभाळाकडं बघितलं. "पाणी कोमट आहे," बाहेर हात काढून अण्णा समाधानानं म्हणाले. वहिनींनी पर्स डोक्यावर धरली.

पाइप निकालात निघाला आणि त्याच फेरीत, राजूरच्या बाजारात, अण्णांना कृषी सेवा केंद्राबाहेर टांगलेला पाठीवरचा फवारणी पंप दिसला. सोळा लिटरची टाकी, पट्टे, दांडा, लवचीक नळी, हाताशी खटका. एवढी वर्षं ते जे जोडायला बघत होते ते शेतकऱ्यांच्या पाठीवर कधीपासूनच होतं. अण्णा थोडे खट्टू झाले, मग आत गेले. 

"कोणतं पीक?" दुकानदारानं विचारलं.

"माणूस," अण्णा म्हणाले.

दुकानदारानं पंप पुन्हा खुंटीला अडकवला. बऱ्याच समजावणीनंतर तो विकायला तयार झाला, पण त्यानं एक गोष्ट बजावून सांगितली आणि ती इथं मीही सांगतो: पंप नवाच घ्यायचा, आणि त्यात पाण्याशिवाय कधी काही घालायचं नाही. औषध मारलेला जुना पंप कितीही विसळला तरी तो आंघोळीला नाही म्हणजे नाही. अण्णांनी घरी आल्यावर पंपावर लाल रंगानं 'फक्त आंघोळ' असं लिहिलं. 

या पंपाची पिचकारी फार बारीक तुषार उडवते. माणूस भिजत नाही, दमट होतो. तिथं झारीचं तोंड बसलं. आता अडचण एकच राहिली. पंप पाठीवर, एका हातानं दांडा मारायचा, दुसऱ्या हातानं नळी धरायची, मग साबण कोण लावणार? आणि पाठीवर टाकी असताना पाठ धुवायची कशी? त्यावर अण्णांचा तोडगा असा की आंघोळ करणाऱ्यानं फक्त आंघोळ करावी, पंप दुसऱ्यानं पाठीवर घ्यावा आणि पाठमोरं उभं राहून दांडा मारावा. या कामावर त्यांच्या भाच्याची नेमणूक झाली. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेला तो मुलगा झाडाकडं तोंड करून दांडा मारत उभा राहायचा आणि मागून सूचना यायच्या, "जोरात... पुरे... अरे, साबण डोळ्यात गेला, मार!" पुढं अण्णांनी बॅटरीचा पंप घेतला, बारा व्होल्टचा, आणि भाचा सुटला. तो आता बंगळुरूला असतो. तिकडं ट्रेकला जात नाही म्हणे.

बॅटरीचा पंप ही खरोखर कामाची चीज आहे, हे मान्य करायला हवं. मिनिटाला दोन-अडीच लिटर पाणी, फांदी नको, मदतनीस नको. अण्णांनी त्यावर प्लॅस्टिकचं आवरण घातलेला कागद चिकटवला: 'ओले व्हा. बंद करा. साबण. चालू करा. बंद करा.' या शिस्तीनं पाच-सहा लिटरांत आंघोळ होते. घरी बादलीभर, पंधरा-वीस लिटर पाणी ओतणारी माणसं आपणच. अण्णा बाहेर घड्याळ घेऊन उभे राहतात आणि आतल्याला मधूनमधून लिटर सांगतात. त्यांच्या डोळ्यांसमोर कुणालाही मनमोकळं न्हाता आलेलं नाही, ही त्या यंत्राची एकच मोठी उणीव.

आता वहिनींचं. एवढ्या काळात त्यांनी शॉवरबद्दल एक प्रश्न सारखा विचारला होता आणि अण्णांच्या वहीत त्याला कधी जागा मिळाली नव्हती. "पाणी येईल हो, पण आडोशाचं काय?" पुरुषांना हा प्रश्नच पडत नाही. पंचा गुंडाळला की झालं. बायकांना मात्र मुक्कामावर कपडे बदलायचे तर अंधाराची वाट बघायची, नाहीतर तंबूत निजून कसरत करायची. जूनच्या सुरुवातीला आम्ही काजवे बघायला पुन्हा भंडारदऱ्याच्या बाजूला निघालो, तेव्हा वहिनींनी स्वतःच हे काम हातात घेतलं. सासूबाईंची सुती नऊवारी काढली. आठ मीटरला थोडी जास्त लांबी. ती मधोमध फाडून दोन तुकडे काठाला काठ लावून शिवले. सव्वादोन मीटर उंची आणि चार मीटर रुंदी झाली. आजोबांच्या वेळची मोठी काळी छत्री उघडली तर तिचा घेर तीन मीटरच्या वर. म्हणजे एक पूर्ण वेढा आणि मीटरभर पदर उरतो, तो दार म्हणून. काड्यांच्या टोकांना कापड टाचलं, खालच्या काठात वाळूच्या पुरचुंड्या शिवल्या, वाऱ्यानं उडायला नको म्हणून. छत्री टोकानं फांदीला टांगायची. वजन किलो-दीड किलो. हा सगळा हिशोब त्यांनी लसूण सोलता सोलता केला, कागद घेतला नाही.

काजव्यांच्या रात्री अण्णांनी सवयीनं फांदी बघायला टॉर्च लावला आणि चारी बाजूंनी शिव्या खाल्ल्या. हिरड्या-बेहड्यांवर लुकलुकणारी झाडंच्या झाडं विझली. "वीस किलो घेईल," अण्णा अंधारात हळूच म्हणाले.

सकाळी ते उठून बघतात तो छत्रीबाहेर रांग. आमच्या मंडळातल्या सगळ्या बायका, शेजारच्या तंबूंतल्या मुली, पुण्या-नाशकाकडून आलेल्या दोन-तीन अनोळखी आज्या. हातात कपडे, खांद्यावर टॉवेल. अण्णांना भरून आलं. गुरुजींना त्यांनी हलवून उठवलं आणि रांग दाखवली. तासाभरानं गर्दी ओसरल्यावर टाकी पुन्हा भरावी म्हणून ते आत गेले. टाकी काठोकाठ होती. खटक्याला कुणी हातही लावला नव्हता. एकजण तर पंपाच्या दांड्याला ओढणी वाळत घालून गेली होती.

अण्णांनी दिवसभर कुणाशी फार बोलणं ठेवलं नाही. वहिनींनी चहा पाठवला तो घेतला. संध्याकाळी ते छत्रीपाशी गेले, आत वाकून बघितलं, वही काढली. पुढच्या फेरीला छत्रीच्या दांड्याला कपड्यांसाठी दोन आकडे आले, साबणाची जाळी आली, छोटा आरसा आला, आणि बाहेरच्या बाजूला फिरवायची पाटी आली: एका अंगाला 'रिकामं', दुसऱ्या अंगाला 'थांबा'. आता ते लोकांना सांगतात, "आडोसा ही शॉवरची पहिली पायरी आहे." वहिनी हसत नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

अण्णांची थट्टा खूप झाली. पण एका बाबतीत मी त्यांच्या बाजूनं भांडायला तयार आहे. गडावरच्या टाक्यात ते कुणाला पाय बुडवू देत नाहीत. हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर एकदा दोन पोरं साबण घेऊन टाक्याकडं निघाली होती. अण्णांनी त्यांना थांबवलं आणि हे पाणी पिण्याचं आहे, वर येणारा प्रत्येक माणूस, गुरं, पाखरं यावरच आहेत, हे न ओरडता सांगितलं. मग स्वतः टाकी भरून पोरांना दीड-दोनशे फूट लांब नेलं, तिथं सांडपाणी मातीत मुरेल अशी जागा दाखवली आणि पंप चालू करून दिला. पोरं पाच लिटरांत न्हाली. अण्णांच्या शॉवरचा मला पटलेला उपयोग हा एवढाच, पण तो पुरेसा आहे. नदी-तळ्यात उतरून साबण फासणाऱ्यांच्या हातात सरकारनं एकेक असा पंप द्यावा.

अण्णा स्वतः तो वापरत नाहीत. विचारलं तर म्हणतात, अजून चाचणी चालू आहे. पहाटे सगळे झोपेत असताना ते चुलीवरचं ऊन पाणी तांब्यात घेतात आणि करवंदीच्या जाळीमागं जाऊन उकिडवे बसतात. आम्ही सगळ्यांनी हे बघितलंय आणि कुणीही त्यांना तसं कळू दिलेलं नाही.

तेव्हा पावसाळा संपून मुक्कामाचे दिवस आले आणि तुम्हालाही हा नाद लागला, तर नवा फवारणी पंप, झारीचं तोंड, मोठी छत्री आणि घरातलं जुनं सुती लुगडं, एवढं जमवा. वरचा हिशोब वहिनींकडून करून घ्या. अण्णांना विचारायला जाऊ नका. ते आधी तुमची टाकी किती उंचीवर आहे ते विचारतील, मग तुम्हाला बोहरी आळीत नेतील, आणि तुमची आंघोळ राहील.